शनिवारचा समुद्र

कुटुंबाला घेऊन सहलीला निघायचं तर आधी कागद, पट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसावं, हे माझं ठाम मत आहे. पुढे सांगतो ते सगळं घडल्यावरही ते बदललेलं नाही. फक्त माझ्या तक्त्यात आता एक रकाना वाढला आहे.

मी बेंगळूरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात प्लॅनिंग खात्यात आहे. कुठलं काम कुठल्या मशीनवर कुठल्या दिवशी चढणार, याचा तक्ता करणं हा माझा धंदा. एखादं काम एक दिवस लांबलं तर डोक्याला हात लावून बसायचं नसतं. त्याच्या खालची सगळी कामं एकेक दिवस पुढे सरकवायची आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवायची. बारा वर्षं मी हेच करतो आहे आणि बरं करतो, असं आमचे साहेबही म्हणतात.

यंदा दसऱ्यानंतर आठवडाभराची रजा मंजूर झाली, तेव्हा बसवनगुडीतल्या घरात मी रीतसर सभा भरवली. प्रत्येकानं एकच मागणी करायची, आणि ती मी पुरी करून दाखवणार. रमेश अकरा वर्षांचा. त्याला म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनातल्या मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. सुधा सात वर्षांची. तिला कृष्णराजसागराखालच्या वृंदावन बागेतली कारंजी पाहायची होती, तीही रंगीत दिव्यांसकट. आमची इंदू बेळगावची. ती म्हणाली, "मला आठवडाभर चुलीचं तोंड बघायला नको. बाकी कुठं न्यायचं तिकडं न्या की."

उरली अक्का. अक्का म्हणजे माझी आत्या. माझे वडील तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणतो आणि माझी मुलंही म्हणतात. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. पुढे माझी आई गेली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिथून मला वाढवलं ते अक्कानं. आता तिनं सत्तरी ओलांडली आहे. इतक्या वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून ती जेव्हा सरळ बोलली तेव्हा मी पेन्सिल थांबवून ऐकलं.

"मला समुद्रात एक बुडी मारायची आहे रे रामू. जन्मात पाहिला नाही. शनिवारी जमव."

शनिवारीच का, हे मी विचारलं नाही. बुधवारी निघायचं, दोन दिवस म्हैसूर, शुक्रवारी बसनं मंगळूर, शनिवारी समुद्र. इतकं चपखल बसत होतं की मी खूश होऊन निळ्या पेन्सिलीनं लिहूनच टाकलं.

"अण्णा, तुमची ओळ मोकळी आहे," सुधा म्हणाली.

"योजना करणाऱ्याला मागणी नसते," मी ऐटीत सांगितलं.

म्हैसूर

आगगाडीचं वर्णन करत नाही. मद्दूरला वडे घेतले, ते गरम होते, एवढं पुरे. बुधवारी संध्याकाळी आम्ही प्रदर्शनात शिरलो. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, दसरा संपला तरी हे प्रदर्शन पुढे बरेच दिवस चालतं आणि तेव्हाच जावं, कारण गर्दी ओसरलेली असते. चंदनाची खेळणी, हातमागाची लुगडी, शेतकी खात्याचे भलेमोठे भोपळे, आणि माणसाला कधी फूटभर तर कधी ताडमाड करून दाखवणारे आरसे. इंदू एका आरशात चवळीच्या शेंगेसारखी दिसली आणि तिथून हलायला तयार होईना.

पाळणा खरोखर मोठा होता. वर गेलेल्या माणसांचे चेहरे खालून ओळखू येत नव्हते. रमेशनं वर पाहिलं आणि माझा हात धरला. मी म्हटलं, "मी खाली थांबून चपला सांभाळतो." कुणीतरी देखरेख करायला लागतंच.

"मी बसते त्याच्यासंगती," अक्का म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला आणि रमेशच्या आधी पाळण्यात जाऊन बसली. चार फेऱ्या झाल्या. एकदा त्यांचा पाळणा अगदी वर थांबला, तेव्हा मी खाली चपला पुन्हा मोजल्या. उतरल्यावर रमेशचा चेहरा पांढरा आणि अक्काचा लाल होता. "स्वल्प हळू होता," ती म्हणाली. "गौरीच्या झोपाळ्यावर आम्ही याच्याहून उंच जात होतो."

पहिल्या ओळीवर मी बरोबरची खूण केली.

गुरुवारी सकाळी चामुंडीची टेकडी झाली, दुपारी प्राणिसंग्रहालयातला जिराफ झाला, आणि चार वाजता आम्ही वृंदावनच्या बसमध्ये बसलो. पोचतो न पोचतो तोच आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळला. एका छपराखाली शंभर माणसं दाटीवाटीनं उभी होती. काळोख पडला, पाऊस थांबेना, आणि दिवे काही लागले नाहीत. परतीच्या बसमध्ये सुधा मोठ्यानं रडली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीकडे तोंड करून आवाज न करता रडत होती.

मुक्कामाच्या खोलीत ओले कपडे दोरीवर टाकून मी तक्ता काढला आणि खोडरबर मागितलं. त्यात अवघड काय होतं? वृंदावन शुक्रवारी, मंगळूरची बस शनिवारी, वाटेत मडिकेरीला मुक्काम, समुद्र रविवारी. रजा सोमवारपर्यंत होतीच. "सगळं एक दिवस सरकलं, संपलं," मी जाहीर केलं. "कुणाची काही हरकत?"

अक्का तिच्या ओल्या लुगड्याचं टोक पिळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सुधाकडे पाहिलं.

"सरी," ती तिच्या कानडी सवयीनं हो म्हणाली. "पोरीचं होऊ दे."

शुक्रवारी आकाश स्वच्छ होतं. कारंजी आधी हिरवी झाली, मग तांबडी, मग दोन्ही रंग एकमेकांत शिरले. हे शब्दांत सांगता येत नाही, स्वतः जाऊन पाहावं. मात्र पायऱ्यांच्या डाव्या अंगाला बसावं, वाऱ्यानं तुषार उजवीकडे उडतात. सुधा तोंड उघडं टाकून बघत होती. अक्का कारंज्यांकडे फारशी पाहत नव्हती, ती सुधाकडे पाहत होती. मी दुसरी खूण केली.

मडिकेरी

मडिकेरीला जाणाऱ्यांनी लोकरीचं काहीतरी जवळ ठेवावं. बेंगळूरकरांना आपल्या हवेचा फार अभिमान, मलाही आहे. पण शनिवारी तिसऱ्या प्रहरी बस घाट चढू लागली आणि खिडकीतून कॉफीच्या मळ्यांचा ओलसर वास आत आला, तेव्हा मी मनातल्या मनात तो थोडा आवरता घेतला. संत्री इथे रस्त्यावर टोपल्यांनी विकायला असतात, हिरवी दिसतात आणि गोड निघतात. इंदूनं सोललेलं एकेक संत्रं आम्ही पुरवून पुरवून खाल्लं. चार दिवस तिनं चूल पाहिली नव्हती आणि तिची तब्येत बघण्यासारखी सुधारली होती.

दिवस मावळताना आम्ही गावाच्या वरच्या उंचवट्यावर गेलो. खाली दऱ्यांत धुकं भरलेलं होतं आणि समोरच्या डोंगरामागून चंद्र वर आला, पुरा गोल.

"अगं बाई, कोजागिरी की आज," इंदू म्हणाली. "दूध तरी आटवून घेऊ या."

बसथांब्याजवळच्या हॉटेलवाल्याकडून गरम दूध आणलं, त्यात वेलची घालून घेतली. मी पेला हातात घेऊन मुलांना सांगितलं, की बघा, तक्ता एक दिवस सरकला म्हणून कोजागिरी डोंगरावर मिळाली, नाहीतर मंगळूरच्या उकाड्यात घाम पुसत बसलो असतो. अक्का चंद्राकडे बराच वेळ पाहत राहिली. तिनं दूध घेतलं आणि पेला खाली ठेवला. मला वाटलं, दमली असेल.

मंगळूर

रविवारी दुपारी मंगळूरला उतरलो. तांबडी माती, तांबडी कौलं, आणि अंगाला चिकटणारी हवा. आमची उतरायची सोय रथबीदी या देवळाच्या रथाच्या रस्त्याजवळ पद्मावतीबाईंच्या घरी झाली होती. या कोकणी विधवा बाई माडीवरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना देतात आणि स्वतः रांधून वाढतात. त्यांनी घडीच्या रुमालासारखे पातळ नीरदोसे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पानावर घातली. अक्का बाहेरचं शिजवलेलं खात नाही, म्हणून प्रवासभर पोह्यांवर होती. इथे ती पहिल्यांदा पोटभर जेवली. पद्मावतीबाईंशी तिचं कानडीत असं काही जमलं, की जणू दोघी एकाच आळीत वाढल्या होत्या.

ऊन कलल्यावर आम्ही होडीनं नदी ओलांडून तण्णीरबावीच्या वाळूवर गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो आणि समोर तो होता. मीही पहिल्यांदाच पाहत होतो, हे आतापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मुलं ओरडत पाण्यात धावली. इंदू गुडघ्यापर्यंत गेली आणि पायाखालची वाळू सरकली तशी हसत सुटली. मी खिशातून पेन्सिल काढली. शेवटची खूण राहिली होती.

अक्का पाण्यापासून दहा पावलांवर कोरड्या वाळूत उभी होती. तिनं हात जोडले होते.

"अक्का, चल," मी म्हटलं. "बुडी मारायची ना?"

"दर्शन झालं. पुरे."

"पुरे कसं? त्यासाठीच आलो आपण."

"काल पौर्णिमा होती, रामू. समुद्राला पर्वणीशिवाय शिवत नाहीत. पौर्णिमा नाहीतर अमावास्या. एरवी लांबून नमस्कार करायचा."

मी तिथेच उभा राहिलो. शनिवार. तिनं शनिवार मागितला होता, आणि मी तो रबरानं पुसला होता. माझ्या तक्त्यात तारखा होत्या, वार होते, बसच्या वेळा होत्या. तिथी नव्हती. मडिकेरीला मी तिच्यासमोर पेला धरून कोजागिरीचं भाषण दिलं होतं, हे आठवलं आणि कान तापले.

"समुद्राला काय कळतं काल आणि आज?" मी उगाच म्हटलं.

"त्याला कळत नसेल. मला कळतं."

"मग म्हैसूरला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू पोरीचे दिवे पुसले असतेस," ती शांतपणे म्हणाली. "ती लहान आहे. मला सवय आहे."

तिच्या त्या शेवटच्या वाक्यानं मला जितकं लागलं तितकं आयुष्यात दुसऱ्या कशानं लागलेलं नाही. मी तिच्या शेजारी उभा राहून मनात म्हणत होतो, की एखादी लाट आपण होऊन वर येऊ दे, हिच्या पायांना लागू दे, म्हणजे दोष कुणाचाच नाही. तशी एक आलीही, मोठी, फेसाळ, थेट आमच्या रोखानं. अक्कानं लुगडं उचललं आणि मुलांपेक्षा चपळाईनं मागे सरली. माझे मात्र बूट भिजले.

परतताना होडीत मी तिला सांगितलं, की पुढच्या वर्षी नक्की, पौर्णिमा बघून, आधीच तक्ता करतो.

"पुढच्या वर्षाचा तक्ता तू कर," अक्का म्हणाली. "मी अमावास्येपर्यंत इथंच राहते. पद्मावतीबाईंना विचारलंय दुपारी. त्या राहा म्हणाल्या."

"अक्का, ती अमावास्या म्हणजे दिवाळी. लक्ष्मीपूजन."

"माहीत आहे."

ज्या घरात पन्नास वर्षं तिच्याशिवाय दिवाळी झाली नाही, तिथे ती नसणार होती. मी दहा कारणं सांगितली: वय, परकं गाव, एकटीचा प्रवास. ती पाण्यात पडणारी वल्ही बघत राहिली. शेवटी इंदू म्हणाली, "राहू द्या की त्यांना. सगळ्यांचं झालं, त्यांचंच राहिलं." सोमवारी सकाळच्या बसनं आम्ही चौघं परत निघालो. पाचवं माणूस दारात उभं राहून हात हलवत होतं, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा ताजंतवानं दिसत होतं.

पुन्हा मंगळूर

घरी आल्यावर कळलं की आमचं घर कोण चालवत होतं. दुधाला विरजण किती, देवाच्या खोलीची किल्ली कुठे, गांधी बझारातल्या कुठल्या दुकानाची डाळ शिजते, हे सगळं अक्काच्या डोक्यात होतं आणि कुठल्याही कागदावर नव्हतं. इंदूनं चकलीची भाजणी केली. चकल्या तेलात पडल्या आणि विरघळल्या. सुधा रोज संध्याकाळी विचारायची, "अक्का आता काय करत असेल?" कारखान्यात मी दोनदा चुकीच्या मशीनवर चुकीचं काम चढवलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी मी जेवता जेवता म्हणालो, "घराला कुलूप लावलं तर?"

"दिवाळीत? शेजारीपाजारी काय म्हणतील?" इंदूनं विचारलं. मग माझ्याकडे बघून ती उठली आणि ट्रंक खाली काढली. या खेपेला मी तक्ता केला नाही. चतुर्दशीला पहाटे मुलांना इंदूनं तेल लावलं, सुधाच्या डोळ्यांत बरंचसं गेलं, आणि दुपारी दाराला कुलूप घालून आम्ही निघालो.

अमावास्येला सकाळी पद्मावतीबाईंच्या दाराशी आलो तर दोघी आधीच समुद्रावर गेल्या होत्या. आम्ही पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावत होडी गाठली. किनाऱ्यावर बरीच माणसं होती. कुणी स्नान करत होतं, कुणी वाळूत दिवे लावत होतं. पद्मावतीबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून हाका मारत होत्या. आणि अक्का कोरड्या वाळूत, बरोबर पंधरवड्यापूर्वी होती तिथेच, पदर खोचून उभी होती. तिच्या शेजारी पिशवीत पाच कोरडे पंचे घडी करून ठेवलेले होते.

"आलात?" ती म्हणाली. "पहिल्या होडीनं याल म्हणून थांबले होते. उशीर केलात."

"आम्ही येणार हे तुला कसं ठाऊक?"

"दिवाळीला कारखाना बंद असतो. एवढं मलाही येतं."

मी हसलो. मुलं तिच्या कमरेला बिलगली होती. "चल मग," मी म्हटलं, "आता कशासाठी थांबलीस?"

तिनं समुद्राकडे पाहिलं. मोठ्या पाळण्यात सगळ्यांच्या आधी चढून बसलेली माझी अक्का हळूच म्हणाली, "स्वल्प भीती वाटते रे. हात धर."

मला पोहता येत नाही. तरी मी तिचा हात धरला आणि आम्ही पाण्यात शिरलो, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तिचा हात म्हणजे नुसती हाडं, पण पकड अशी, की लहानपणी मार्केटातल्या गर्दीत माझं मनगट धरायची तशीच. तिनं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि लाट आली तशी खाली बसली. क्षणभर ती कुठेच दिसेना. माझ्या हातात फक्त तिचा हात होता. मग ती वर आली, पांढरे केस तोंडावर, खोकत, आणि लहान मुलीसारखी हसत.

"खारट आहे रे हा," ती म्हणाली.

तिनं तीन बुड्या मारल्या. तिसरी झाल्यावर चेहऱ्यावरचं पाणी पुसून तिनं मला विचारलं, "त्या तुझ्या कागदावर तुझी ओळ मोकळी होती. सगळ्यांचं झालं. आता तू माग."

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. या वेळी जे तोंडात आलं ते असं: "घरी चल, अक्का. चकल्या विरघळतात. आणि मला करमत नाही."

तिनं लुगड्याचं टोक पिळलं आणि माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवला. मी अडतीस वर्षांचा आहे.

"सरी," ती म्हणाली. "गेल्यावर सगळा फराळ करू. कोडबळी, चकल्या, सगळं."

"पण दिवाळी तर आज," रमेश म्हणाला. "घरी पोचेपर्यंत संपून जाईल."

"मग स्वल्प सरकवू," अक्का पाण्यातून बाहेर पडत म्हणाली. "समुद्राला तिथी लागते. चकलीला लागत नाही."